विश्लेषण : रुग्णालयातला उग्र वास सोसत नाही? दोष नाकाचा नव्हे, खोलीचा!

फॉर्मेलिन, ग्लुटरअल्डिहाइड, झायलिन, हायपोक्लोराइट… रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये या रसायनांशिवाय चालत नाहीत. पण ज्यांना त्यांचा वास सोसत नाही, त्यांना 'सवय होईल' एवढेच सांगितले जाते. हा सल्ला अपुरा आहे आणि धोक्याचाही. तो का, आणि त्याऐवजी काय करता येईल?

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी शवविच्छेदन कक्षात पाऊल टाकले की सर्वांत आधी भेटतो तो वास. टेबलावरचा देह नंतर दिसतो. डोळ्यांतून पाणी येऊ लागते, नाक झोंबते, घसा खवखवतो. एखादी मुलगी रुमाल नाकाला लावते, एखादा मुलगा दाराबाहेर जाऊन उभा राहतो. मग मागून कुणीतरी हसत म्हणते, 'होईल सवय. आम्हालाही झाली.'

हेच वाक्य पुढे हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला ऐकावे लागते. एंडोस्कोपी कक्षातल्या सिस्टरला ऐकावे लागते. आणि वॉर्डातली फरशी पुसणाऱ्या मावशींना तर कुणी एवढेही म्हणत नाही. त्यांचा खोकला 'वयामुळे' असतो. ज्याला वास सोसत नाही तो नाजूक, आणि नाजूक माणसाने या क्षेत्रात येऊ नये, असा एक न बोललेला नियम आपल्या वैद्यकीय जगात आहे. हा नियम शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, म्हणून या विषयाचा नीट उलगडा व्हायला हवा.

रुग्णालयात कोणकोणत्या वासांशी गाठ पडते?

सर्वांत परिचित फॉर्मेलिन. फॉर्मल्डिहाइड हा मुळात वायू. तो शून्याखाली १९ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणजे आपल्या खोलीच्या तापमानाला तो कायम बाहेर पडायच्या तयारीत असतो. पाण्यात साधारण ३७ ते ४० टक्के विरघळवला की त्याला फॉर्मेलिन म्हणतात. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ किंवा बायोप्सीचा तुकडा ज्या '१० टक्के फॉर्मेलिन'मध्ये टाकतात, त्यात प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्मल्डिहाइड असते. जर्मन वैद्य फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये ऊती टिकवण्याचा त्याचा गुण ओळखला. द्रावण हाताळताना स्वतःच्याच बोटांची कातडी कडक झाल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. जे रसायन मृत ऊतीवर काम करते ते जिवंत ऊतीलाही सोडत नाही, हे पहिल्या दिवसापासून उघड होते.

एंडोस्कोपी कक्षात दुर्बिणीच्या नळ्या निर्जंतुक करायला २ टक्के ग्लुटरअल्डिहाइड वापरतात. हिस्टोपॅथॉलॉजीत झायलिन असते. सांधेरोपणाच्या शस्त्रक्रियेत हाडाचे सिमेंट कालवताना मिथाइल मेथाक्रिलेटचा तीव्र दर्प सुटतो. कॉटरीने ऊती जाळताना धूर होतो. आणि सगळ्या वॉर्डांत, शौचालयांत, सांडलेल्या रक्तावर सोडियम हायपोक्लोराइट, फिनाइल, स्पिरिट. प्रत्येकाचा धर्म वेगळा, पण सोसणारी नाके तीच.

वास येणे आणि झोंबणे यात फरक काय?

हा फरक कळला की अर्धा गोंधळ मिटतो. वास आपल्याला पहिल्या मस्तिष्कचेतेतून, म्हणजे गंधचेतेतून कळतो. मोगरा, कापूर, सडका मासा ही ओळख तिची. पण मिरचीची फोडणी दिल्यावर होणारा ठसका, कांदा चिरताना येणारे पाणी हे काम गंधचेतेचे नाही. ते पाचव्या मस्तिष्कचेतेचे, म्हणजे चेहऱ्याला, डोळ्यांना आणि नाकाच्या अस्तराला संवेदना देणाऱ्या चेतेचे. फॉर्मल्डिहाइड या दोन्ही वाटांनी पोहोचते. त्याचा वास येतो आणि ते झोंबतेही.

त्यामुळे 'मला वास आवडत नाही' आणि 'मला झोंबते' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली आवडीनिवडीची असू शकते. दुसरीचा अर्थ असा की रसायन अस्तरापर्यंत पोहोचले आहे आणि शरीर ते बाहेर ढकलू पाहते आहे. डोळ्यांतले पाणी, शिंका, खोकला ही नाटके नव्हेत. तो शरीराचा गजर आहे. घरात धूर झाला आणि गजर वाजला तर आपण धूर कुठून येतो ते बघतो. रुग्णालयात मात्र आपण गजरालाच गप्प बसायला सांगतो.

'सवय होईल' हा सल्ला धोक्याचा का?

कारण सवय खरोखरच होते, पण ती फक्त नाकाला होते. एखादा वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच गंधाची जाणीव बोथट होते. मासळी बाजारात बसणाऱ्या बाईला मासळीचा वास येत नाही, तसेच हे. पण वास जाणवेनासा झाला म्हणून हवेतले रसायन कमी होत नाही, आणि फुप्फुसांची, डोळ्यांची, कातडीची त्याच्याशी होणारी झटापटही थांबत नाही.

दुसरे, नाक हे मोजमापाचे यंत्र म्हणून फारसे भरवशाचे नाही. फॉर्मल्डिहाइडचा वास अनेकांना साधारण ०.५ ते १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) या पातळीला कळतो, काहींना त्याहून कमी पातळीलाही. अमेरिकेतल्या 'ओशा' या कामगार-सुरक्षा यंत्रणेची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा ०.७५ पीपीएम आहे आणि १५ मिनिटांसाठीची २ पीपीएम. त्याच देशातल्या 'नियॉश' या संशोधन संस्थेची शिफारस तर याहून कितीतरी कडक, ०.०१६ पीपीएम आहे. युरोपीय संघाने आठ तासांसाठी ०.३ पीपीएमची मर्यादा घातली. आरोग्य क्षेत्राला तयारीसाठी सवलत दिली होती, तीही जुलै २०२४ मध्ये संपली. याचा साधा अर्थ असा की बऱ्याच जणांना वास कळेपर्यंत कडक मर्यादा ओलांडून झालेली असते.

याची आणखी टोकाची बाजू म्हणजे इथिलिन ऑक्साइड. प्लास्टिकची उपकरणे निर्जंतुक करायला रुग्णालये ज्याला 'ईटीओ' म्हणतात तो हा वायू. अमेरिकेत त्याची मर्यादा १ पीपीएम आहे, पण त्याचा वास माणसाला शेकडो पीपीएम झाल्याशिवाय कळत नाही. तेव्हा 'वास येत नाही, म्हणजे सुरक्षित' हेही खोटे आणि 'वास येतो, पण सवय झाली, म्हणजे सुरक्षित' हेही खोटे.

आणि प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला 'माणसात कर्करोग घडवणारे' अशा पहिल्या गटात टाकले. इथिलिन ऑक्साइडही त्याच गटात आहे. याचा अर्थ शवविच्छेदन कक्षात वर्षभर शिकलेल्या प्रत्येकाला कर्करोग होणार, असा मुळीच नाही. धोका किती पातळीला, किती वर्षे सामोरे गेलो त्यावर ठरतो. विद्यार्थी काही तास येऊन जातो. पण तिथला परिचर, तंत्रज्ञ, शिक्षक तीस-तीस वर्षे त्याच खोलीत काढतात. सवय त्यांनाच सर्वांत जास्त झालेली असते, आणि पातळी कमी ठेवण्याची गरजही सर्वांत जास्त त्यांनाच आहे.

त्रास काहींनाच जास्त का होतो?

याची अनेक कारणे आहेत आणि एकही लाज वाटण्यासारखे नाही. दमा असलेल्यांच्या श्वासनलिका आधीच चिडचिड्या असतात. अर्धशिशी असलेल्या अनेकांना झटक्याच्या वेळी वास असह्य होतो, काहींचा झटका तर वासानेच सुरू होतो. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत नेहमीचे वासही नकोसे होतात. रुग्णालयात परिचारिका, तंत्रज्ञ आणि निवासी डॉक्टरांत तरुण स्त्रियांची संख्या मोठी असताना हा मुद्दा किरकोळ नाही. कोविडनंतर ज्यांचे गंधज्ञान बिघडले, त्यांच्यापैकी काहींना साधे वासही विकृत आणि किळसवाणे वाटू लागले.

याहून वेगळा आणि गंभीर प्रकार म्हणजे संवेदीकरण. ग्लुटरअल्डिहाइड, फॉर्मल्डिहाइड यांसारख्या रसायनांशी महिनोन्महिने, वर्षानुवर्षे संपर्क आल्यावर काहींचे शरीर त्यांच्याविरुद्ध कायमचे 'शिकते'. मग आधी ज्याने काहीच होत नव्हते, तेवढ्याच किंवा त्याहूनही कमी प्रमाणाने धाप लागते, छाती घट्ट होते, हातावर इसब उठते. याला व्यवसायजन्य दमा किंवा त्वचाविकार म्हणतात. म्हणजे सवय होण्याच्या नेमके उलट घडते. 'इतकी वर्षे काही झाले नाही, आताच कसे?' असे साहेब विचारतात. उत्तर असे, की इतकी वर्षे झाली म्हणूनच.

मनाचाही वाटा असतो, हे नाकारायचे कारण नाही. एकदा वासाबरोबर गुदमरल्याचा अनुभव आला की पुढे नुसत्या वासानेही छातीत धडधडू शकते. पण त्यामुळे त्रास खोटा ठरत नाही, आणि 'मनाचे खेळ' म्हणून तपासणी टाळण्याचा अधिकारही कुणाला मिळत नाही. आधी फुप्फुसे तपासा, हवा मोजा, मग मनाकडे या.

इतिहास काय सांगतो?

न सोसणाऱ्या एका व्यक्तीमुळे सगळ्या वैद्यकशास्त्राचे भले झाल्याचे उदाहरण आहे. १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहात कॅरोलिन हॅम्प्टन ही परिचारिका काम करत होती. त्या काळी हात मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवावे लागत. त्याने तिच्या हातांची कातडी सोलवटली. 'सवय होईल' असे तिला सांगता आले असते, किंवा दुसऱ्या विभागात धाडता आले असते. हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. ते इतके सोयीचे ठरले की इतर सहायकही वापरू लागले. पुढे त्यांचेच सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी शल्यकाने हातमोजे घातल्यावर हर्नियाच्या शस्त्रक्रियांत जखमा चिघळण्याचे प्रमाण घटल्याचे दाखवून दिले. एका परिचारिकेच्या हातांसाठी केलेली सोय जगभरच्या रुग्णांचे रक्षण करू लागली. तिचा त्रास वासाचा नव्हता, कातडीचा होता. पण धडा तोच आहे.

याची दुसरी बाजू जोसेफ लिस्टर यांच्या कार्बोलिक फवाऱ्याची. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक असलेल्या लिस्टर यांनी शस्त्रक्रियागृहाच्या हवेत कार्बोलिक आम्ल फवारायला सुरुवात केली. शल्यक आणि सहायक त्या धुक्यात तासन्‌तास श्वास घेत. हातांची, छातीची तक्रार होई. अखेर फवाऱ्याचा फारसा उपयोग नाही हे पटल्यावर १८९० मध्ये खुद्द लिस्टर यांनीच त्याची शिफारस केल्याचा खेद जाहीरपणे व्यक्त केला. उग्र वास म्हणजे स्वच्छता, हा समज तिथेच संपायला हवा होता. आपल्याकडे शस्त्रक्रियागृहात फॉर्मेलिनची धुरी देण्याची पद्धत पुढेही कितीतरी वर्षे राहिली आणि काही ठिकाणी अजून आहे. संसर्ग-नियंत्रणाची आजची तत्त्वे पृष्ठभाग नीट पुसण्यावर आणि हवा बदलण्यावर भर देतात, नेमाने धुरी देण्यावर नाही.

आपला कायदा काय म्हणतो?

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या परिशिष्टात कामाच्या ठिकाणच्या हवेतल्या रसायनांच्या मर्यादा दिल्या होत्या. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली होती. त्यात फॉर्मल्डिहाइडसाठी सरासरी १ पीपीएम आणि अल्पकाळासाठी २ पीपीएम अशी मर्यादा होती. पण कायद्याच्या नावातच अडचण होती. ही मर्यादा कारखान्यांसाठी. शवविच्छेदन कक्ष हा कारखाना नाही, एंडोस्कोपीची खोलीही नाही. रंगाच्या कारखान्यातल्या कामगाराच्या हवेला जो आकडा लागू होता, तो त्याच रसायनात हात घालणाऱ्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या हवेला लागू नव्हता, ही विसंगती होती.

जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये टाकाऊ फॉर्मेलिनची गणना रासायनिक द्रव कचऱ्यात आहे. ते बेसिनमध्ये तसेच ओतता येत नाही. याच नियमांनी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे आणि रुजू होताना व त्यानंतर वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करणे रुग्णालयावर बंधनकारक केले आहे. ही तपासणी प्रत्यक्षात रक्तदाब, साखर आणि हिपॅटायटिस 'बी'ची लस एवढ्यावर आटोपली, तर रसायनांचा त्रास तिच्यात दिसणारच नाही. रसायनांत काम करणाऱ्यांसाठी 'ड्युटीवर खोकला वाढतो का, सुट्टीत कमी होतो का' हे दोन प्रश्न आणि एक स्पायरोमेट्री जोडली, तरी मोठा फरक पडेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

अमेरिकेच्या फॉर्मल्डिहाइड मानकात १९९२ मध्ये जोडलेली एक तरतूद इथे आठवण्यासारखी आहे. ज्या कर्मचाऱ्याला या रसायनाचा लक्षणीय त्रास किंवा संवेदीकरण झाल्याचे डॉक्टर ठरवतात, त्याला कमी संपर्काच्या कामावर हलवायचे आणि त्या काळात, सहा महिन्यांपर्यंत, त्याचा पगार आणि ज्येष्ठता कायम ठेवायची. म्हणजे तक्रार करणाऱ्याच्या पोटावर पाय येणार नाही याची हमी. आपल्याकडे तक्रार दडपली जाते ती नेमकी या भीतीने. माझ्या ओळखीतल्या एका तंत्रज्ञ ताईंनी दोन वर्षे धाप लपवली. का, तर त्या कंत्राटी होत्या. 'सोसत नसेल तर सोडा' हे उत्तर त्यांना विचारण्याआधीच ठाऊक होते.

आपल्या खोल्यांतच वास इतका का कोंडतो?

कारण बहुतेक ठिकाणी हवा फिरते, बदलत नाही. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. एसीसाठी खिडक्या बंद, त्यामुळे वाफ आत. छताचा पंखा ती सगळीकडे सारखी पसरवतो. एक्झॉस्ट पंखा असला तरी तो छतालगत. म्हणजे टेबलावरून निघालेली वाफ बाहेर जाण्याआधी वाकून काम करणाऱ्याच्या नाकासमोरून जाते. त्यात नमुन्यांच्या बरण्या सैल झाकणाच्या, फॉर्मेलिनच्या बादल्या उघड्या आणि कपाटे त्याच खोलीत. २०१८ च्या जुलैमध्ये मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून गोव्यात केवढे वादळ उठले होते. परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी घालावी लागली. ताटातल्या फॉर्मेलिनबद्दलची ही जागरूकता रास्तच. पण जे रोज त्याच फॉर्मेलिनच्या वाफेत श्वास घेतात, त्यांच्यासाठी त्याच्या शतांश आवाजही उठत नाही.

संस्थांनी काय करायला हवे?

कामगार-सुरक्षेचा एक सर्वमान्य क्रम आहे. आधी घातक वस्तू टाळा, नाही जमले तर बदला, मग यंत्रणेने अडवा, मग कामाची पद्धत बदला, आणि सर्वांत शेवटी माणसाच्या तोंडाला मास्क लावा. आपण सुरुवातच मास्कपासून करतो आणि तोही चुकीचा देतो.

टाळण्यासारखे पुष्कळ आहे. नियमित धुरी बंद करता येते. बायोप्सीसाठी आधीच भरलेल्या, घट्ट झाकणाच्या छोट्या डब्या घेतल्या तर वॉर्डात फॉर्मेलिन ओतण्याचा प्रश्नच राहत नाही. बदलण्याचे पर्याय आहेत. ग्लुटरअल्डिहाइडऐवजी ऑर्थोथॅलअल्डिहाइड कमी वासाचे असते. तेही काहींना बाधते, म्हणून दुर्बिणी धुणारे बंद यंत्र अधिक चांगले. शवविच्छेदनासाठी ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये मांडलेली, अत्यल्प फॉर्मल्डिहाइडची पद्धत आहे. जर्मनीत गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये शोधलेल्या प्लास्टिनेशनने बनवलेले अवयव कोरडे आणि बिनवासाचे असतात.

हे सगळे महाग, असे उत्तर येईल. थील पद्धत आणि प्लास्टिनेशन खर्चीक आहेतच. पण स्वस्त उपायही थोडे नाहीत. तास सुरू होण्याआधी खिडक्या उघडून एक्झॉस्ट चालू ठेवणे. देह ओल्या कापडाने झाकून जेवढा भाग शिकवायचा तेवढाच उघडणे. ग्रॉसिंगआधी नमुना वाहत्या पाण्यात धुऊन घेणे. प्रत्येक बरणीला घट्ट झाकण. वाफ टेबलाच्या पातळीलाच, खालच्या किंवा मागच्या दिशेने ओढून घेणारे ग्रॉसिंग टेबल ही थोडी मोठी खरेदी, पण ती एकदाच करावी लागते. आणि वर्षातून एकदा हवेतली पातळी मोजून तो आकडा दारावर लावणे. आकडा लिहिलेला असला की 'तुझेच नाक नाजूक' हा वाद उरत नाही.

'मग संसर्ग-नियंत्रणाचे काय?' हा आक्षेपही तपासला पाहिजे. जंतुनाशके हवीतच, फॉर्मेलिनशिवाय आज कर्करोगाचे निदानही अडेल. मागणी रसायन बंद करण्याची नाही, ते नाकात जाऊ नये ही आहे. उलट वासाला घाबरलेला कर्मचारी द्रावण लवकर ओततो, दुर्बीण पूर्ण वेळ बुडवत नाही, नमुना घाईने कापतो. हवा चांगली असेल तर कामही नीट होते. कर्मचाऱ्याच्या फुप्फुसांची काळजी ही रुग्णाचीही काळजी आहे.

ज्यांना त्रास होतो त्यांनी स्वतः काय करावे?

पहिली गोष्ट मास्कची. शस्त्रक्रियेचा निळा मास्क वायू अडवत नाही. एन-९५ सुद्धा नाही, तो कण अडवतो. वाफेसाठी त्या रसायनासाठी बनवलेला कार्ट्रिजचा श्वसनमास्क लागतो, चेहऱ्याला घट्ट बसणारा, आणि कार्ट्रिज वेळेवर बदललेले. मास्कच्या आत बाम किंवा कापूर लावण्याची जुनी युक्ती फसवी आहे. मेंथॉलने झोंबणे कमी वाटते, हवेतले रसायन तेवढेच राहते. रूम फ्रेशनर, उदबत्तीही तशाच. एका वासावर दुसरा वास, आणि शेजारच्या दमेकरी सहकाऱ्याला तिसरा त्रास. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत. लेटेक्सच्या पातळ मोज्यातून ग्लुटरअल्डिहाइड झिरपते. डोळ्यांना बंद गॉगल हवा, नेहमीचा चष्मा पुरत नाही.

हायपोक्लोराइट कधीही शौचालयाच्या अॅसिडमध्ये मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरमध्येही नको. जास्त घट्ट द्रावण म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे, ठरलेल्या प्रमाणाचेच करावे. हे भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि चित्रासह लावायला हवे, कारण बादलीत हात घालणाऱ्या मावशी-मामांपर्यंत इंग्रजी लेबल पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. एका वहीत तारीख, खोली, रसायन, काय झाले आणि किती वेळात बरे वाटले एवढे लिहावे. ड्युटीच्या दिवशी खोकला, धाप, छातीत शिट्टी आणि साप्ताहिक सुट्टीला किंवा गावी गेल्यावर आराम, असा नमुना दिसला तर छातीच्या डॉक्टरांकडे जावे आणि आपले काम त्यांना नेमके सांगावे. 'रुग्णालयात नोकरी' एवढे पुरत नाही, 'ग्लुटरअल्डिहाइडमध्ये दुर्बिणी धुते' असे सांगावे. पीक फ्लो मीटरवर कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांच्या फुंकरीची दोन ते चार आठवडे नोंद ठेवली तर निदानाला बळ मिळते. व्यवसायजन्य दम्यात संपर्क जितका लवकर थांबेल तितकी बरे होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून इथे सोसत राहणे महागात पडते. गरोदर असल्यास लवकर सांगावे आणि कामाची पाळी बदलून मागावी. त्यात उपकार मागितल्यासारखे काही नाही.

तिसरी गोष्ट, शक्यतो एकट्याने तक्रार करू नये. चौघांनी मिळून, लेखी, तारखेसह आणि उपायासह दिलेली तक्रार फेटाळणे अवघड जाते. 'वास येतो' यापेक्षा 'ग्रॉसिंगच्या खोलीतला एक्झॉस्ट बंद आहे, तो सुरू करावा' असे लिहावे.

सुरुवात कुठून व्हावी?

शवविच्छेदन कक्षातूनच. तिथे विद्यार्थी फक्त शरीररचना शिकत नाहीत, सहकाऱ्याच्या त्रासाशी कसे वागायचे तेही शिकतात. पहिल्या वर्षी ज्याने 'होईल सवय' ऐकले, तोच दहा वर्षांनी विभागप्रमुख होऊन सिस्टरला तेच ऐकवतो. पुढे दम्याच्या रुग्णाला 'धुरापासून लांब राहा' सांगणारा डॉक्टर आपल्याच खोलीतल्या धुराकडे पाहत नाही, तो याच शिकवणीमुळे.

ज्यांनी देहदान केले त्यांचा हेतू मुलांनी शिकावे हा होता, मुलांनी डोळे पुसत तास काढावा हा नव्हता. उद्याच्या पहिल्या तासाला सरांनी किंवा मॅडमनी एवढेच विचारावे, 'कुणाला झोंबते आहे? दम्याचा त्रास कुणाला आहे?' हात वर होतील. मग खिडकी उघडावी, एक्झॉस्ट लावावा, आणि खोलीच्या दारावर हवेचा आकडा आहे का ते पाहावे. नसेल, तर नाक मुठीत धरून उभ्या असलेल्या त्या मुलीला बाहेर पाठवण्याऐवजी अधिष्ठात्यांकडे एक अर्ज पाठवावा.